भादव्यातल्या हिरव्या भिंती

भादवा लागला की आमच्या बालाघाटात भिंतींना पालवी फुटते. आषाढ-श्रावणात पाणी पिऊन विटा तट्ट झालेल्या असतात, कुठल्याशा पाखरानं टाकलेलं बी गिलाव्याच्या भेगेत रुजलेलं असतं, आणि एका सकाळी छज्ज्याखाली, पाईपाच्या कोपऱ्याशी, गच्चीच्या कठड्याच्या सांध्यात पिंपळाचं तांबूस कोवळं पान हलताना दिसतं. बघणाऱ्याला ते गोड वाटतं. मला वाटत नाही. माझी सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात उपयंत्री म्हणून गेली, आणि भिंतीतल्या पिंपळाला गोड म्हणण्याची आमच्यात पद्धत नाही.

भादवा म्हणजे आमचा उपटण्याचा महिना. ऊन कडक होऊन भिंत वाळायच्या आत हे काम उरकावं लागतं. कोयत्यानं छाटून भागत नाही, छाटलं की पुढच्या वर्षी एकाचे दोन होतात. बोटं थेट बुडाशी घालायची, किडकी दाढ हलवतात तसं जरा हलवायचं आणि सबंध मूळ बाहेर ओढायचं. किरनापूर, उकवा, खैरलांजी, जिथं जिथं बदली झाली तिथं तिथं मी हेच केलं. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यानं जाताना कुणाच्या घराच्या भिंतीत रोपटं दिसलं की माझी बोटं शिवशिवतात. एकदा बाजारात एका अनोळखी माणसाच्या ओट्यावर चढून मी उंबर उपटला होता. त्यानं आधी शिव्या दिल्या, मग चहा दिला.

यंदाचाही भादवा आला. कालच शिडी लावून घराच्या मागच्या भिंतीवरून दोन पिंपळ काढले. आणि दरवर्षी याच दिवसांत मला तो एक भादवा आठवतो, जो आम्ही बालाघाटात काढलाच नाही.

आमची मुलगी मीनल तेव्हा सिंगापुरात नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. एकुलती एक. इंजिनियर झाली तेव्हा मी पेढे वाटले होते, पण तिकडे ती नेमकं काय करते ते मला नीट ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर मी 'बिल्डिंगचं काम' एवढंच सांगायचो. त्या वर्षी तिच्या नोकरीची मुदत संपत होती. पुढे राहायचं की परत यायचं, ते तिनं ऑफिसात कळवायचं होतं. माझी बायको कुंदा हिनं ठरवूनच टाकलं होतं की मुलीला घेऊन यायचं. वरची खोली तिनं रंगवून घेतली, नवे पडदे शिवले. इकडच्या एका खासगी कॉलेजात शिकवण्याच्या जागेबद्दल मीही बोलून ठेवलं होतं. पोळ्याच्या आधी जायचं, पितृपक्ष लागायच्या आत परतायचं, आणि परतताना तिघांनी यायचं, असा बेत होता.

मीनलनं फोनवर फार उत्साहानं सांगितलं होतं, "आई, इथली झाडं पाहशील तं पाहतच राहशील."

कुंदा म्हणाली, "झाडं पाहाले सिंगापूर काहून? उकव्याची बस पकडली तं झाडंच झाडं हायेत."

तिचंही खोटं नव्हतं. आमचा जिल्हाच जंगलाचा. साल, साग, बांबू, बैहरकडे चढत गेलं की दिवसासुद्धा गाडीचे दिवे लावावेत अशी सावली. हिरवळीचं अप्रूप आम्हाला कुणी शिकवावं असं नव्हतं. पण आमच्याकडचं जंगल जंगलात असतं आणि गाव गावात. दोघांच्या मधे एक कुंपण असतं, आणि ते राखायला माझ्यासारखी माणसं पगारी नेमलेली असतात.

विमानतळावरून मीनलच्या घराकडे निघालो आणि ते कुंपण मला कुठे दिसेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शिरीषासारखी प्रचंड झाडं वर जाऊन एकमेकांना भेटलेली. त्यांच्या फांद्यांवर नेचे, नेच्यांच्या खाली वेली. पादचाऱ्यांच्या पुलांच्या कठड्यांवरून बोगनवेल ओसंडत होती. उड्डाणपुलाचे खांब तर बुडापासून शेंड्यापर्यंत पानांनी मढलेले. मी टॅक्सीच्या काचेला नाक लावून बसलो होतो. मनातून थक्क झालो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"खांबाले चीर गेली तं दिसंल कशी?"

मीनल पुढच्या सीटवरून मागे वळली. तिचा चेहरा एकदम उजळला. "बाबा, बरोबर हाच प्रश्न! हेच तं माझं काम आहे."

तेव्हा कुठे मला कळलं. इमारतींवर, गच्च्यांवर, भिंतींवर जी बाग लावतात, तिचं ओझं किती होतं, भिजलेली माती किती जड होते, पाणी कुठून निघतं, मुळं कुठवर जातात, हे सगळं तपासणाऱ्या कंपनीत ती होती. मी ज्याच्याशी जन्मभर वैर धरलं ते ती सांभाळत होती. कुंदानं माझ्याकडे पाहून फक्त भुवया उंचावल्या.

पुढचे दिवस मी मान वर करून चाललो. आजही ते शहर आठवलं की आधी मान दुखल्याचं आठवतं. एक हॉटेल होतं, त्याच्या मजल्यांमधून धानाच्या बांध्यांसारखे वळणदार हिरवे पट्टे बाहेर आलेले, आणि त्यांच्या काठावरून वेली खाली सोडलेल्या. बस थांब्याच्या छपरावर गवत. शाळेच्या गच्चीवर वांगी. गाड्या ठेवायच्या इमारतीसारखी रुक्ष वस्तू दुसरी नसेल, तर तीसुद्धा पानांचा पडदा ओढून बसलेली, आणि तो वाऱ्यानं हलला की सबंध इमारत अंग झाडून घेते आहे असं वाटायचं. पाऊस रोज यायचा, धुवून निघून जायचा, आणि नंतर प्रत्येक भिंतीला ओल्या मातीचा वास यायचा. सिमेंटच्या शहराला असा वास येऊ शकतो यावर माझा विश्वास बसत नव्हता. मधे कुआलालंपूरला जाऊन आलो. तिथेही काचेच्या उंच घराच्या खिडक्या-खिडक्यांमधून वेल चढत गेलेली पाहिली. मी कुठेही काही कौतुकाचं बोललो नाही. 'चांगलं आहे, पण पाझर?' एवढंच म्हणायचो. कौतुक केलं असतं तर आम्ही ज्या कामाला आलो होतो तेच फसलं असतं. प्रत्येक हिरवी भिंत मीनलच्या बाजूनं साक्ष देत होती, आणि मी त्या साक्षीदारांची तोंडं बंद करत फिरत होतो.

एका दवाखान्यात मात्र माझं पितळ उघडं पडलं. मीनलचं तिथे काम होतं, म्हणून आम्हालाही घेऊन गेली. दवाखाना कसला, झाडांच्या आत मजले बसवलेले. व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर बसलेली म्हातारी माणसं, त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलेली पानं, आणि फिनाइलच्या वासाऐवजी गवताचा वास. मीनल कुणाशी बोलत होती. मी एका भिंतीजवळ गेलो. भिंतीवर नेचा होता. एक नाही, ओळीनं. आता कुणाही बांधकामवाल्याला विचारा, भिंतीवर नेचा दिसला की मागे पाईप गळतो आहे. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी भिंतीला कान लावला. पाण्याचा आवाज येत होता! बारीक, पण नक्की. माझी खात्री पटली. एवढा मोठा दवाखाना, आत रोगी, आणि भिंतीत गळती. पाईप कुठून जातो ते पाहावं म्हणून मी बोटं बुडाशी घातली, हलवलं, आणि एक नेचा मुळासकट बाहेर काढला. मग दुसरा. तिसऱ्याला हात घालणार तोच मागून ओरडा आला.

"बाबा! ये लगाया हुआ है!"

मीनल घाबरली की हिंदीत बोलते. माझ्या दोन्ही हातांत एकेक नेचा, अंगावर माती, आणि समोरच्या खुर्चीवरचे एक चिनी आजोबा माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते.

"मागं पाईप गळून राह्यला ना," मी म्हणालो.

"गळत नाही, बाबा. आम्हीच सोडतो ते पाणी. झाडांसाठी."

मग ती हसायला लागली ती भिंतीला टेकून खालीच बसली. कुंदा पदर तोंडाला लावून हसत होती. चिनी आजोबाही हसले. हसू ओसरल्यावर मीनलनं माझ्या हातातले नेचे घेतले. भिंतीवर कापडाचे खिसे शिवावेत तसे खिसे होते, त्यात ती ते पुन्हा बसवू लागली. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत मूळ धरायचं, खुपसायचं, दाबायचं आणि बोटं अलगद काढून घ्यायची.

"हे तं रोवण्यासारखं करते ना ही," कुंदा हळूच म्हणाली.

कुंदाचं माहेर खैरलांजीकडचं. धानाच्या रोवण्याला लहानपणी मीनल मामाच्या बांधीत चिखलात उतरायची, आणि मामी तिला असंच चिमटीत रोप धरायला शिकवायची. मी त्या बोटांकडे बघत राहिलो. माझीही बोटं बुडाशीच जायची, पण काढायला. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि पाठोपाठ भीतीही. ही इथं किती नीट बसली आहे, ते मला त्या क्षणी दिसलं.

पोळा तिकडेच आला. आमच्याकडे पोळ्याला पळसाच्या फांद्या आणून दाराच्या दोन्ही बाजूंना लावतात, आणि दुसऱ्या दिवशी, नारबोदीच्या सणाला, सकाळीच त्या गावाबाहेर नेऊन टाकतात. घरातली रोगराई नारबोद त्यांच्याबरोबर घेऊन जाते, अशी समजूत. कुंदाचा जीव कासावीस झाला होता. पळस नसला तरी चालेल, पण दार उघडं कसं ठेवायचं? सिंगापुरात रस्त्यावरच्या झाडाची डहाळी मोडली तर काय होतं याची मीनलनं आम्हाला आल्या दिवशीच ताकीद दिलेली. संध्याकाळी मीनल कामावरून आली ती हातात मोठी पिशवी घेऊन. एका गच्चीवर त्या दिवशी छाटणी झाली होती, त्यातल्या हिरव्यागार फांद्या तिनं मागून आणल्या होत्या. मीनलच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या लोखंडी दाराला मायलेकींनी त्या दोरीनं बांधल्या. शेजारची तमिळ बाई बघायला आली. तिनं खुणेनं विचारलं, कुंदानं खुणेनं सांगितलं, आणि ती बाई घरात जाऊन कढीपत्त्याची डहाळी घेऊन आली. तीही लावली. कुंड्यांनी भरलेल्या त्या लांब व्हरांड्यात आमचं दार त्या दिवशी सगळ्यांत हिरवं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न पडला की इथं गावाची शीव कुठे शोधायची? शेवटी लिफ्टनं खाली उतरून पालापाचोळ्याच्या पेटीपाशी गेलो. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मीनल पुटपुटली, "खासी-खोकला घेऊन जाय गे नारबोद!"

"जोरानं म्हण," कुंदा म्हणाली.

आणि ती खरंच जोरानं ओरडली. एक सायकलवाला दचकून पडता पडता वाचला.

आताशा बाजारात जाताना मी त्या दिवसांबद्दल बोलत नाही, पण इमारतींच्या गच्च्यांकडे पाहतो. हिच्यावर किती माती पेलेल, हिचं पाणी कुठून काढता येईल, असे हिशेब मनात चालू होतात. आमच्याच घराच्या पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून मी लोखंडी जाळी उभी केली आहे. त्यावर कुंदाची मधुमालती चढते. भिंतीला तिचा एक तंतूही लागू देत नाही, रोज सकाळी चष्मा लावून तपासतो. दूधवाला म्हणतो, "साहेब, बेल की भी हाजिरी लेते हो?" घेतो. त्या भिंतीमागची खोली यंदा उन्हाळ्यात जरा थंड राहिली असं कुंदा म्हणते. मला तसं वाटत नाही, पण मी नाही म्हणत नाही.

त्या वर्षी परतायच्या आधी मीनलनं आम्हाला हाँगकाँगला नेलं. "बाबा, तुमच्यासाठीच नेतो," म्हणाली. तिथं डोंगराच्या उतारावर शहर आहे, आणि डोंगर अडवून धरायला जुन्या दगडी भिंती बांधल्या आहेत. एका अरुंद चढाच्या रस्त्यानं आम्ही चाललो होतो. मीनल थांबली आणि म्हणाली, "वर पाहा." वर पाहिलं आणि माझे पाय तिथेच थांबले. भिंतीतून वड निघाले होते. रोपटी नव्हेत, म्हातारे वड. जमिनीत एकही मूळ नाही, सगळा संसार त्या उभ्या दगडांवर. मुळं दगडांच्या सांध्यांतून खाली आलेली, फाकलेली, पुन्हा जुळलेली, सबंध भिंतीवर जाळं टाकल्यासारखी. वर पानांचं छत रस्त्याच्या पलीकडच्या घरांपर्यंत गेलेलं. खालून शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या, टॅक्स्या जात होत्या, आणि कुणी वर बघतही नव्हतं. आणि भिंत सरळ होती. ओळंबा लावून पाहावं इतकी सरळ. मी पुढे होऊन मुळावर तळहात ठेवला. गार होतं, आणि दगडापेक्षा घट्ट.

"हे पाडलं नाही कोणी?" मी विचारलं.

"पाहाले येतात, बाबा. प्रत्येक झाडाले नंबर आहे. कोणतं मूळ सैल झालं, कोणता दगड हलला, इंजिनियर येऊन पाहतात. कधी वादळात पडतंही एखादं. पण बाकीचे ठेवतात."

मी जे उपटले ते योग्यच उपटले, असं मला आजही वाटतं. नसते उपटले तर कुणाच्या तरी डोक्यावर स्लॅब आला असता. वर्षावर्षाला येऊन त्या झाडाकडे बघायला आमच्याकडे माणूस नव्हता. इथं होता, एवढाच फरक. पण तो फरक एवढा मोठा असतो, हे मला त्या भिंतीखाली उभं राहून कळलं, आणि तिथं मी पहिल्यांदा तोंडभरून म्हणालो, "वा! काय काम केलं आहे!" मीनलनं माझा हात घट्ट धरला. लहान असताना रस्ता ओलांडताना धरायची तसा.

कुंदा मात्र पायरीवर बसून होती. पाणी पिऊन झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिंतीवरच्या झाडाले पाहाले माणूस हाय. आपल्याले पाहाले कोण हाय?"

मीनल पुढे फोटो काढत होती, तिला ऐकू गेलं नसावं. मी कुंदाला हात देऊन उठवलं आणि आम्ही वडांखालून परत उतरलो.

सिंगापुरातली शेवटची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी आमचं विमान, आणि दुसऱ्याच दिवशी मीनलला ऑफिसात उत्तर द्यायचं होतं. कुंदा सामान बांधत होती. तिनं मला नुसतं डोळ्यांनी सांगितलं, जा, विचारा. मीनल मला तिच्या देखरेखीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेली. नुकताच मोठा पाऊस पडून गेला होता. गच्चीभर बाग. पेरू, लिंबू, गवताचे वाफे, बाकांवर बसलेली म्हातारी जोडपी, मुलं. मी सवयीनं पाणी निघायच्या जाळ्यांपाशी वाकलो. एकाही जाळीत पान अडकलेलं नव्हतं.

मी उठून उभा राहिलो तर मीनल समोर होती. "बाबा, तुम्ही मले न्यायले आले ना?"

"हौ."

"आईनं खोली रंगवली, मले माहीत आहे. मामीनं सांगितलं." ती म्हणाली. "तुम्ही ये म्हटलं तं मी येईन. मनापासून येईन, रुसून नाही. तुम्हीच सांगा."

मी ज्यासाठी एवढा प्रवास करून आलो होतो ते माझ्या पुढ्यात आलं होतं. दोन अक्षरांचंही काम नव्हतं, एका अक्षरानं भागलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर ती रंगवलेली खोली आली, जेवणाच्या टेबलावरची आमची दोन ताटं आली, कुंदाचे दुखरे गुडघे आले. मला ती हवी होती. फार हवी होती.

मी विचारलं, "या गच्चीच्या खाली कोण राहते?"

"एक कुटुंब आहे. लहान बाळ आहे त्यांचं."

"त्यांच्या छताले कधी ओल आली?"

"एकदाही नाही, बाबा."

"मग तू इथून हलू नको," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. वाफ्यातल्या गवताकडे तोंड करून मी रडलो. मीनलही रडत होती. बाकावरच्या एका बाईनं आम्हाला कागदी रुमाल आणून दिले.

मीनलच्या घरी परतल्यावर कुंदानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा सामान बांधू लागली. विमानात बराच वेळ ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. खाली ढगच ढग होते, पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग ती म्हणाली, "तुम्ही एकदा ये म्हटलं असतं तं आली असती पोरगी."

"हौ, आली असती," मी म्हणालो. "म्हणूनच तं म्हटलं नाही."

मला वाटलं, ती आता रागावेल. ती रागावली नाही.

"रोज रात्री माझ्याच कुशीत झोपत होती," ती म्हणाली. "मले बी ये म्हणता आलं असतं."